ओठ न मिटता

चूळ भरायला तिनं तोंडात पाणी घेतलं आणि ते डाव्या कोपऱ्यातून ओघळून गळ्यावर, गाऊनवर उतरलं. अजून झोपेत आहोत, असं म्हणून तिनं पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा तेच. पाणी सांडलं नव्हतं, तिला न विचारता निघून गेलं होतं. मग तिनं आरशात पाहिलं. उजवी भुवई वर गेली होती, डावी जागची हलली नव्हती. अर्धा चेहरा घाबरला होता आणि उरलेला अर्धा, जणू त्याच्या कानावर अजून काही आलंच नव्हतं, असा निवांत होता. पहिला विचार आला तो हा, की रंगमंचावर हे फार छान दिसेल. दुसरा विचार आला तेव्हा ती बादली उलटी करून तिच्यावर बसली. प्रयोग तीन आठवड्यांवर आला होता. नाटक तिनं बसवलं होतं, संहितेवर वर्षभर तीच बसली होती, आणि मुख्य भूमिका, इतक्या वर्षांनंतर, तिनं स्वतःकडे ठेवली होती.

"अहो," तिनं हाक मारली. नवरा आला, दारातच थांबला. तो निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ. उभा जन्म दगड पाहण्यात गेलेला, त्यामुळे घाबरला तरी त्याचा आवाज चढत नसे. "दोन्ही हात वर कर," तो म्हणाला. तिनं केले. "माझं नाव सांग." त्याच्या नावात दोन 'म' होते, ते दोन्ही तिच्या तोंडातून वाऱ्यासारखे निसटले. त्यानं तिच्या अंगावर शाल टाकली आणि गाडीची किल्ली शोधायला गेला. किल्ली त्याच्या हातातच होती.

डॉक्टरीण तरुण होती, नुकतीच लागलेली असावी. तिनं डोळे मिटायला सांगितलं, गाल फुगवायला सांगितलं, शीळ घालायला सांगितलं. डावा डोळा मिटेना, गाल फुगेना, शिळेच्या जागी नुसती फुंकर. "मेंदूला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या देते. डोळ्यात थेंब घालत राहा, झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करा." बरं कधी होणार, हे नवऱ्यानं विचारलं. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारायला लागतं, काहींना महिने लागतात, थोडंफार राहूनही जातं, असं ती सरळ म्हणाली, आणि ते सरळ म्हणणं बाईंना आवडलं. (सगळे तिला बाईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे नटसुद्धा.) "प्रयोग आहे," असं तिला सांगायचं होतं. शब्द ओठांवर आला आणि डावीकडून हवा गेली. डॉक्टरीण पुढे वाकून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "सा-व-का-श. घाई नको." लहान मुलाशी बोलावं तसं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर ज्या आवाजानं तिनं मोठमोठ्या नटांना भर तालमीत जागच्या जागी थिजवलं होतं, तो आवाज आता एका कोपऱ्यातून गळत होता.

परतताना रस्त्यातला प्रत्येक हॉर्न डाव्या कानात खिळ्यासारखा घुसत होता. डॉक्टरणीनं तेही सांगितलं होतं, की त्या बाजूला आवाज मोठे वाटतील. गाडीच्या काचेत स्वतःचा चेहरा टाळत ती बसून राहिली आणि तिला, का कोण जाणे, दारं आठवली. विशीत ती नाटकात आली ती दार उघडायला. मोलकरीण, शेजारीण, नर्स, कोणाची तरी मावशी. पडदा वर गेला की दार वाजायचं, ती उघडायची, "या, बसा" म्हणायची आणि आत जायची. मंडळींनी तिचं नावच 'दारवाली' ठेवलं होतं. आईनं पहिला प्रयोग पाहून घरी आल्यावर एवढंच म्हटलं होतं, "दार मात्र नीट उघडलंस हो." आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देणारी, आणि कौतुक करताना शब्द तोलून वापरायची तिची सवय कधी सुटली नाही. आत गेल्यावर दारवालीला काम नसे. ती विंगेत उभी राहून सगळ्यांची वाक्यं पाठ करी आणि प्रेक्षक ऐके. लोक कुठे हसतात हे सगळेच ऐकत. ती ते कुठे खोकतात ते ऐके. जिथे एकाच वेळी बरेच घसे खवखवायला लागतात तिथे नाटकाला काहीतरी झालेलं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकदा धीर करून ती मास्तरांना म्हणाली, म्हणजे तिला नाटकात घेणाऱ्या दिग्दर्शकांना, की दुसऱ्या अंकातला तो काका काढून टाका. "काका माझा मेहुणा करतो," मास्तर म्हणाले. "मग मेहुण्याला दार उघडू द्या," ती म्हणाली. काका गेला. दुसऱ्या अंकातला खोकला गेला. नाटक वर्षभर चाललं, आणि मास्तर नवी संहिता आली की आधी तिच्या हातात द्यायला लागले. कागदावर तिचं पद 'संहिता सल्लागार' असं पडलं, पण मंडळी म्हणत 'कात्री'. लेखक तिला घाबरत. ती वाक्यं कापत नसे, वाक्यांच्या आत अडकलेली माणसं मोकळी करत असे, असं तिला तेव्हा वाटायचं, आणि खरं म्हणजे अजूनही वाटत होतं.

मग एका दुपारी मास्तर तालमीतून चिडून उठून गेले ते परत आलेच नाहीत. सगळे नट घड्याळाकडे बघत बसलेले. ती उठली आणि म्हणाली, "तो संवाद पुन्हा. या वेळी बसून." बसून केल्यावर तो संवाद जिवंत झाला. संध्याकाळी कोणीतरी तिला चहा आणून दिला, आधी तिला, मग बाकीच्यांना, आणि तिला कळलं की आपण दिग्दर्शक झालो. त्यानंतरची वर्षं तिनं मोजली नाहीत. नाटकं झाली, काही पडली, बरीच उभी राहिली, परगावची थिएटरं तिला बोलावू लागली. पण अभिनय मागे राहिला. दिग्दर्शकाला भूमिका कोण देणार? तिनं मागितली नाही, कोणी विचारलं नाही. कधीकधी एखादी नटी चांगलं काम करत असताना बाईंच्या पोटात गोड कळ येई. ही हिची जागा आहे आणि माझीही आहे, अशी. मग हे नाटक आलं. पडलेल्या पुलाची गोष्ट. पूल बांधणारी अभियंता, सत्तरीला टेकलेली, चौकशी अधिकाऱ्यासमोर बसलेली, दोन अंक, दोन माणसं, एक टेबल. पहिल्यांदा वाचतानाच तिनं ठरवून टाकलं. हे कोणाला द्यायचं नाही.

थिएटरच्या व्यवस्थापकानं दुसऱ्या दिवशी बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला रिकाम्या खुर्च्यांची स्वप्नं पडत. "बाई, तब्येत आधी," तो म्हणाला. "तुम्ही बसवा, तुमचंच नाव राहील. भूमिकेसाठी मी सहज म्हणून एकीला विचारून ठेवलंय. सिनेमातली आहे, पण पाठांतर पक्कं." बोलताना तो तिच्या उजव्या डोळ्याकडेच बघत होता, डावीकडे बघणं जणू असभ्यपणाचं होतं. तिनं मान हलवली. नाही. "बाई, हट्ट करू नका. लोक तुमच्यावर हसले तर मला सहन व्हायचं नाही." हे त्यानं मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच ते बाणासारखं लागलं. तिनं बोटानं डावा ओठ दाबून धरला आणि म्हणाली, "आधी तालीम बघा."

तालीम बघायला तो आला तो नेमका नको त्या दिवशी. चौकशी अधिकाऱ्याचं काम करणारा नट आडदांड होता, आवाज विहिरीतून आल्यासारखा; त्याला सगळे खर्ज म्हणत. खर्जानं विचारलं, "तो पूल कोणाचा?" तिचं वाक्य होतं, "मी बांधला तो पूल. पडला तोही माझाच." ओठ मिटले नाहीत. 'पूल'चं 'फूल' झालं. मी बांधला तो फूल. फडला तोही माझाच. मागच्या बाजूला कोणीतरी फिस्कन हसलं, लगेच तोंड दाबलं गेलं, आणि ते दाबलेलं हसू तिच्या डाव्या कानात दगडासारखं येऊन पडलं. व्यवस्थापकानं बुटाच्या टोकाकडे पाहिलं. तिची सहायक दिग्दर्शिका, लहानखुरी, तुरुतुरु चालणारी, सगळे तिला चिमणी म्हणत, ती पुढे येऊन म्हणाली, "थोडं थांबू या का, बाई?" खर्जानं आपल्या समोरचा पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि मग, पाणी तिच्या तोंडातून गळतं हे आठवून, हळूच परत ओढला. त्या परत ओढण्यानं तिला रडू यायला हवं होतं. डाव्या डोळ्यातून तर पाणी येतच होतं, तो डोळा मिटत नव्हता म्हणून. पण आत कुठेतरी रडण्याऐवजी जुना राग पेटला, दारवालीचा राग, विंगेत उभं राहून सगळं पाठ असण्याचा राग.

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संहिता घेऊन बसली. आधी नुसतीच चडफडत. मग पेन्सिल घेऊन तिला न येणाऱ्या अक्षरांखाली रेघा मारत गेली. प, फ, ब, भ, म. पानं काळी झाली. 'व' चालून जात होता, थोडा विरळ, पण जात होता. 'पूल' गेला. 'बांधला', 'पडला', 'माणसं', 'जबाबदारी', 'माफी' गेली. आणि सगळ्यात आधी, प्रत्येक वाक्याच्या तोंडाशीच, 'मी' गेला. 'मी' बघून ती हसलीच, अर्ध्या तोंडानं. मी म्हणायला ओठ मिटावे लागतात हे इतक्या वर्षांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिनं सवयीनं, कात्रीच्या जुन्या सवयीनं, वाक्य खोडून बघितलं. मी निर्णय घेतला. निर्णय घेतला. मी सही केली. सही केली. पेन्सिल थांबली. कोणी केली? मराठीत ते सांगावंच लागत नाही. केलं, घेतला, झालं, ठरलं. माणूस वाक्यातून उठून जातो आणि क्रियापद खुर्चीवर तसंच बसून राहतं. जिचा पूल पडलाय, जिनं तो पडताना टीव्हीवर पाहिलाय, ती बाई 'मी' म्हणेल कशी? 'पूल' तरी म्हणेल का? लेखकानं तिच्या तोंडी कबुलीचे भरघोस शब्द घातले होते आणि बाई वर्षभर त्या संवादावर अडखळत होत्या, इथे लोक खोकणार हे त्यांना माहीत होतं, पण का ते सापडत नव्हतं. आता सापडलं. तिनं 'कोसळलं' लिहिलं. 'रचलं' लिहिलं. दिवे लावायचे राहिले, पानं दिसेनात तेव्हा नवऱ्यानं येऊन बटण दाबलं.

"पाणी हवं?" त्यानं विचारलं.

"जल," ती म्हणाली.

तो थबकला. "काय?"

"थंड जल. घरात असेल तर आण."

"ऋषी कधी उतरले आपल्याकडे?" तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की डाव्या गालाला हातानं आधार द्यावा लागला. पुढचे काही दिवस घरात असंच चाललं. मीठ हवं असलं की ती "ते खारट" म्हणे, आणि नवरा मुद्दाम साखर पुढे करी. एकदा भांडी विसळताना तिच्या लक्षात आलं की नटी, कात्री, दिग्दर्शक, हे तिन्ही शब्द तिला नीट म्हणता येतात. तिनं ते नळाच्या धारेत मोठ्यानं म्हणून बघितले. एकही गळला नाही.

लेखक तणतणत आला. तो तिशीतला, तिच्याच हाताखाली शिकलेला, तिच्यावर जीव टाकणारा, त्यामुळे जास्तच दुखावलेला. "बाई, हे काय केलंत? सगळीकडून 'मी' गेलाय. तिचं मोठं भाषण गेलंय. आणि पूल? पुलाच्या नाटकात ही पूल म्हणत नाही! निदान 'सेतू' तरी घाला."

"ती इंजिनिअर आहे. कवी नाही," ती म्हणाली. मग टेबलाच्या पलीकडची खुर्ची दाखवली. "तू अधिकारी. विचार."

तो नाइलाजानं बसला. पानं चाळून, फणकाऱ्यानं वाचू लागला. "आराखडा कोणी मंजूर केला?"

"झाला."

"झाला म्हणजे? निर्णय कोणाचा?"

"घेतला गेला."

"सही कोणाची आहे?"

"आहे तिथंच. खाली."

तो पुढचं वाक्य वाचायला गेला आणि थांबला. पुन्हा सुरू केलं तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "त्या वेळी त्याच्यावर किती माणसं होती?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. डावा चेहरा ढिम्म, उजव्या पापणीत एक लहानशी थरथर. "कोसळलं तेव्हा," ती म्हणाली, "सकाळ होती. शाळा होती. सगळे होते."

लेखकानं पानं टेबलावर ठेवली. मग त्यानं विचारलं, "हे तुमच्या ओठांसाठी केलंत की नाटकासाठी?"

"ओठांसाठी," ती म्हणाली. तिला खोटं बोलावंसं वाटलं नाही. "आता नाटकासाठी."

राहिलं होतं ते दिग्दर्शकाचं काम, आणि तेही तिनं तालमीत, सगळ्यांसमोर, एका झटक्यात केलं. आजवर तिनं टेबल असं लावलं होतं की तिची डावी बाजू मागे राहावी. चिमणीनं तर त्या बाजूला एक उंच दिवाही आणून ठेवला होता, आडोसा म्हणून. बाईंनी दिवा काढायला लावला आणि टेबल फिरवलं. मेलेली बाजू प्रेक्षकांकडे. जिवंत बाजू फक्त अधिकाऱ्याला दिसेल. म्हणजे लोकांना दगड दिसणार आणि त्या दगडाकडे बघताना खर्ज का विरघळत चाललाय ते कळणार नाही, शेवटी ती वळून पूर्ण चेहरा दाखवेपर्यंत. खर्जानं खुर्चीत बसून तिच्या उजव्या डोळ्यात पाहिलं आणि नुसतं "अरे देवा" म्हणाला. व्यवस्थापक त्या तालमीला शेवटपर्यंत बसला. जाताना त्यानं तिच्या डाव्या डोळ्याकडेही पाहिलं. "सिनेमावालीला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी दोन प्रयोग होते, दुपारी एक आणि संध्याकाळी एक. दुपारी पडदा वर गेला तेव्हा तिच्या डाव्या कानात सगळं सभागृह शिरलं. खुर्च्यांची कुरकुर, कोणाच्या तरी पिशवीची चेन, श्वास. तिनं खोकल्याची वाट पाहिली. पहिला अंक संपला, खोकला आला नाही. दुसऱ्या अंकात, कबुलीचं ते जुनं भाषण जिथे होतं तिथे आता नुसतं "झालं" होतं, आणि त्या एका शब्दानंतर इतकी शांतता पसरली की पापणीवरचं पाणी गालावरून खाली उतरतानाचा स्पर्शही तिला कळला. शेवटी ती वळली. अर्धा दगड आणि अर्धी बाई लोकांसमोर आली आणि समोरच्या अंधारातून एकच मोठा श्वास ऐकू आला. लोक उभे राहिले. तिला सांगावं लागलं नाही, आरशात बघावं लागलं नाही. पायांना, हातांना, जिथे जिथे नस शाबूत होती तिथे तिथे कळलं, की आपण जिंकलो.

मग रंगपटात गर्दी झाली. फुलं, फोटो, मिठ्या. लेखक रडून रडून सुजला होता. गर्दी ओसरल्यावर खांद्याला साधी पिशवी लावलेली, ताठ कण्याची एक वृद्धा दाराशी दिसली. "मी टाक्या बांधायची," ती म्हणाली. "पाण्याच्या. एक फुटली होती. चौकशी झाली, सुटले मी. पण तुम्हाला हे कोणी सांगितलं? आपण असंच बोलतो तिथं. झालं, केलं, ठरलं. मला वाटायचं मी एकटीच तशी बोलले."

बाईंनी तिला खुर्ची दिली, तिचा हात हातात घेतला. "शेवटी?" तिनं विचारलं. "शेवटी काय झालं?"

"शेवटी?" वृद्धा ओशाळून हसली. "चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, आणखी काही सांगायचंय का. त्या माणसानं सकाळपासून एक घोट घेतला नव्हता हो. मी म्हटलं, चहा गार झालाय, घ्या. तिकडे माणसं गेली होती, आणि मला त्याच्या चहाची काळजी. अजून आठवलं की अंगावर शहारा येतो."

बाई तिचा हात धरून बसून राहिल्या, पण आत कात्री जागी झाली होती आणि अक्षरं तपासत होती. च. हा. गा. र. झालाय. घ्या. एकदाही ओठ मिटत नव्हते. "हे वाक्य द्याल?" तिनं विचारलं. वृद्धेला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं मान डोलावली. "घ्या," ती म्हणाली. "मला कुठं ठेवायचंय ते."

संध्याकाळच्या प्रयोगाआधी बाईंनी चिमणीला बोलावलं. "टेबलावर" म्हणता येईना, तेव्हा तिकडे बोट केलं. "चहा ठेव तिथं. त्याच्यासाठी." खर्जानं कप पाहिला आणि भुवया उंचावल्या. प्रयोग दुपारपेक्षाही घट्ट गेला. अखेर त्यानं फाईल मिटली आणि ठरलेलं वाक्य उच्चारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" इथे तिनं नकारार्थी मान हलवायची, वळायचं, आणि दिवे जायचे. ती वळली. पण मान हलवली नाही. पूर्ण चेहरा लोकांना दाखवून तिनं नजर कपाकडे नेली.

"चहा गार झालाय," ती म्हणाली. "घ्या."

खर्जाजवळ वाक्य नव्हतं. तो कपाकडे बघत राहिला. त्याचा तो आडदांड हात टेबलावरून पुढे आला, कप उचलला गेला, बशीत खणखणला, ओठांपर्यंत गेला. प्रेक्षकांत कोणीतरी हसलं आणि ते हसू मध्येच तुटलं. त्यानं एक घोट घेतला. तो त्याच्या घशाखाली उतरताना शेवटच्या रांगेला दिसला असेल. मान हलली नव्हती म्हणून दिवेवाल्यानं दिवे घालवले नाहीत, आणि ते दोघे त्या लख्ख उजेडात बसून राहिले. किती ताणायचं ते तिला ठाऊक होतं. थोडं आणखी. थोडं आणखी. कोणीही खोकलं नाही. मग तिनं मांडीवरचा उजवा हात जरासा उचलला आणि अंधार झाला.

टाळ्यांना वेळ लागला. त्या वेळात खर्ज अंधारातून कुजबुजला, "बाई, खरंच गार होता हो." ती हसली, वाकड्या तोंडानं, आवाज न दाबता, आणि तेवढ्यात सभागृह फुटलं.